दगड तरंगला म्हणून

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी काचेच्या टाकीत एक राखाडी दगड सोडला. तो तरंगला, तशी माणसं हात जोडून उभी राहिली.

“पापाचा भार उतरला की दगडसुद्धा हलका होतो,” महाराज माइकवर म्हणाले. “आता सुया टोचून घेणं बंद.” आणि दगड त्यांनी पहिल्या रांगेतल्या शिंप्याच्या ओंजळीत ठेवला. शिंपी बरीच वर्षं इन्सुलिनवर होता.

त्याची थोरली बहीण कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. तिला राहवेना. ती सरळ व्यासपीठावर चढली.

“हा अग्निजन्य खडक आहे. तापलेला शिलारस जमिनीखाली सावकाश निवला तर कण मोठे होतात, ग्रॅनाइट तयार होतो. वर येऊन लवकर निवला तर कण बारीक राहतात. आणि वायूमुळे फेसाळून तसाच गोठला तर हा होतो. आत नुसती हवा. टाचा घासायला बाजारात मिळतो.”

“ताईंचं अगदी बरोबर आहे,” महाराज गोड हसले. “पण ती हवा भरली कुणी?”

टाळ्या थांबेनात. ताई खाली उतरली.

शिंप्याने इन्सुलिन फेकून दिलं आणि दगड घरी पाण्याच्या पातेल्यात ठेवला. काही दिवसांनी तो बुडाला.

“तुझ्या शंकेनं बुडाला, ताई,” तो रडवेला होऊन म्हणाला.

“अरे, भोकांत पाणी शिरलं, म्हणून बुडाला. थांब, दाखवते.”

तिने दगड गच्चीवर उन्हात खडखडीत वाळवला आणि त्याच्यासमोर पुन्हा पाण्यात सोडला. दगड तरंगला. भावाचा चेहरा उजळला.

“बघ, महाराजांनी मला माफ केलं.”

त्यानंतर तिने हातापाया पडून पाहिलं, डॉक्टरांना घरी आणलं. त्याने सुई टोचू दिली नाही.

शेवटी त्याची शुद्ध हरपली तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं. फार उशीर झाला होता. भावजय भिंतीला टेकून बसली होती. “वन्सं, माझंच चुकलं. मी जबरदस्ती करायला हवी होती.”

शेजारच्या बाकावरच्या बाईने हळूच काय झालं ते विचारलं. ताईने सगळं सांगितलं. दगड, हवा, पाणी, सगळं.

“दगड का तरंगतो ते दगडात शोधा,” ती म्हणाली. “आजाराला औषधच लागतं. एवढं तरी ध्यानात ठेवा.”

बाईने मान डोलावली. मग जवळ सरकून म्हणाली, “ते महाराज बसतात कुठे?”