साहेबाचा मागचा पाय

मास्तरांनी लगाम आखूड धरला आणि घोड्याला पुन्हा एकदा फरशीवरून दुडक्या चालीने नेऊन आणलं. खूर वाजत गेले, वाजत परत आले. ठेका कुठेही चुकला नाही.

“काहीच दिसत नाही की,” जनावरांची डॉक्टर म्हणाली.

“काल यायला हवं होतं तुम्ही,” सूनबाई म्हणाली. “डॉक्टर आले की बरोबर सरळ चालतो. नाटकी मेला.”

घोड्याला सगळे साहेब म्हणत, कारण तपासणीला आल्यासारखा तो मान वर करून चालायचा. शिंगरू होता तेव्हापासून मास्तरांनीच त्याला घडवलं होतं. अलीकडे मागचा डावा पाय लहरीवर असे. आठवडाभर ठणठणीत, मग एखाद्या सकाळी टेकवायला तयार नाही, आणि दुपारी पुन्हा तोच तोरा.

मुलगा बोटीवर नोकरीला गेल्यापासून घोडेस्वारीची शाळा सून चालवत होती. मास्तर शिकणाऱ्यांवर फार खेकसतात म्हणून तिने त्यांना रिंगणातून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून ते कुंपणालगतच्या बाकावर बसून असत. आदल्या संध्याकाळी मात्र तिने स्वतः चहा आणून दिला होता, साखर किती ते विचारून.

“बाबा, नवी घोडी बघून ठेवलीय. तरणी आहे, तापट आहे. मला काही आवरायची नाही. ती आली तर सकाळची बॅच तुम्हीच घ्या. फक्त तबेल्यात जागा हवी.”

रात्री मास्तरांनी माळ्यावरचे स्वारीचे बूट काढून पुसले होते.

डॉक्टरने साहेबाचा पाय दुमडून धरला, मग सोडला. दोन-चार पावलं तो अडखळला, पुढे सावरला.

“सांधा झिजलाय. कधीमधी दुखत असेल तर औषध देऊ, हलकं काम घ्या, काढेल अजून काही वर्षं. पण रोज दुखत असेल तर औषधाने भागायचं नाही. मग जिवंत ठेवणं म्हणजे छळच. रोज कोण बघतं याला?”

“बाबा,” सूनबाई म्हणाली आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली.

साहेबाने मास्तरांच्या खांद्यावर तोंड घासलं. त्यांनी ते कोपराने बाजूला सारलं.

“रोज लंगडतो,” ते म्हणाले.

“रोज?”

“रोज. सकाळी उठवत नाही त्याला. रात्रभर कण्हतो.”

सूनबाईने चमकून वर पाहिलं. एवढं तिनेही मागितलं नव्हतं.

डॉक्टर सुई भरायला गाडीकडे गेली. साहेबाला गोदामामागच्या मोकळ्या जागेत न्यायचं होतं. मास्तरच घेऊन निघाले. तो मान वर करून, डौलात, त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवून चालला होता. वळणावर मास्तरांनी लगामाला हिसका दिला.

“लंगड की रे,” ते दात आवळून म्हणाले.

साहेब थांबला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तसाच सरळ चालू लागला.

घोडी पंधरवड्यात आली. सूनबाईने शब्द पाळला. पहिल्या सकाळी मास्तर गुळगुळीत दाढी करून रिंगणाच्या मधोमध उभे राहिले तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसत होते. आवाज पार फाटकापर्यंत पोचत होता. घोडी त्यांच्या एका हाकेवर वळत होती. हल्ली त्यांना दोन घास जास्त जात होते, झोपही छान लागत होती.

घोडीवर बँकेतल्या एक बाई होत्या, जुन्या विद्यार्थिनी.

“मास्तर, तो म्हातारा लंगडत होता म्हणे,” फेरी घेता घेता त्या म्हणाल्या. “मी वर्षभर बसले त्याच्यावर. मला कसं कधी जाणवलं नाही?”

मास्तरांनी चाबूक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“तुमचं लक्ष कुठे असतं?” ते खेकसले. “टाच खाली. नजर समोर.”

बाईंनी मुकाट्याने टाच खाली केली.