हललेला फोटो

मशीनमधून बाहेर आल्या आल्या दादा म्हणाला, "यापेक्षा दात उपटून घेतलेला परवडला!"

मी एमआरआयचं मशीन चालवते. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे तो भलामोठा पांढरा बोगदा आणि त्यात डोकं घालून आडवा झालेला माणूस. आत असा ठणठणाट चालतो की भलेभले वैतागतात. दादाने तर मध्येच, मला बोलवायला हातात दिलेला रबरी फुगा दाबून "काढ मला, काढ" असा धोशा लावला होता. त्याला दमात घेऊन मी परत आत ढकललं, तेव्हा कुठे त्याच्या मेंदूचा फोटो धड आला. घरात मला मिरची म्हणतात ते काही उगाच नाही.

आमच्याकडे तेव्हा थकव्याचा अभ्यास चालला होता. सतत दमलेल्या माणसांच्या मेंदूच्या आतल्या काही भागांचा आकार वेगळा असतो का, आणि असलाच तर बाईत आणि पुरुषात तो फरक सारखाच दिसतो का, हे डॉक्टरीणबाईंना शोधायचं होतं. त्यासाठी त्या नवरा-बायकोच्या जोड्या घेत होत्या. दोघांचे फोटो स्वच्छ आले तरच जोडी अभ्यासात. एकाचं डोकं हललं की फोटो फरकाटतो. मग फक्त एकदा पुन्हा संधी, नाहीतर दोघंही बाद.

यात यायचा हट्ट वहिनीचा. ती धुलाई कारखान्यात काम करते. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी. समोरासमोर दोघी उभ्या राहतात, एकेका चादरीची टोकं धरतात, झटका, पुन्हा झटका, घडी, की पुढची चादर. घरी आली की घर आहेच. वर्षभर ती सकाळी उठते तीच दमलेली. रक्त तपासून झालं, थायरॉइड झालं, सगळं ठीक निघालं, आणि तिथेच घोटाळा झाला. दादा म्हणायला लागला, "तुला काही झालेलं नाही. डोक्यात घेतलंयस तू. मीही दमतो, पण असं तोंड पाडून बसतो का?"

माझा दादा वाईट नाही. रंगाच्या दुकानात दिवसभर डबे उचलतो आणि घरी येऊन टीव्हीसमोर मान टाकतो. पण तेच तेच रोज कानावर पडलं की ऐकणाऱ्यालाही खरं वाटायला लागतं. एकदा भांडी विसळताना वहिनी मला म्हणाली, "मिरचे, मला एकदा कळू दे. मी खरंच दमलेय, की नुसती आळशी आहे?"

माझं डोकंच फिरलं. दादावर फिरलं, त्या नॉर्मल रिपोर्टांवर फिरलं आणि थोडं तिच्यावरही फिरलं. पण खोटं बोलणं मला जमत नाही. मी तिला सांगितलं, एका फोटोवरून एका माणसाचा थकवा कळत नाही. खूप माणसांचे फोटो एकत्र मांडले तर काही अंदाज येतो, तोही आला तर.

"नाही कळलं तर नाही," ती म्हणाली. "पण दमलेल्यांच्या मोजणीत माझं डोकं असू दे. तेवढं तरी कर."

तेवढं तरी करायचंच, असं मी तिथेच ठरवलं.

दादानंतर वहिनी आत गेली. आडवी झाली, मी तिच्या डोक्याभोवतीची जाळी बसवली, हातात फुगा दिला आणि बजावलं, "डोकं हलवायचं नाही. नाक खाजलं तरी नाही."

"दगड होते," ती म्हणाली.

फोटो आला तो पार फरकाटलेला. मी कपाळाला हात लावला. दादा माझ्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "बघ. हिला स्वस्थ पडून राहायचंही जमत नाही."

मी आतल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागे नेऊन पाहिलं. मशीन हातोडे घालत होतं आणि वहिनी गाढ झोपली होती. तोंड उघडं, फुगा पोटावरून घरंगळलेला. आणि तिचे दोन्ही हात जरा वर उठत होते, मुठी वळत होत्या. झटका. पुन्हा झटका. दर झटक्याला खांदा हलायचा आणि खांद्याबरोबर डोकं. बाई झोपेतही चादरी झटकत होती. मी दादाला हाक मारली, तर तो एव्हाना चहा प्यायला निघून गेला होता.

मी तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. "आजच पुन्हा घ्यायचाय वहिनीचा फोटो."

"मशीन रिकामं कुठंय? उद्यापासून तर दुरुस्तीला बंद. अभ्यासाचा शेवटचा दिवस आहे हा."

"माझ्या जेवणाच्या सुट्टीत घेते. बाई, ती आत झोपली होती. जी इतकी दमलीये की त्या आवाजात झोपते, तिलाच आपण दमलेल्यांच्या अभ्यासातून काढणार?"

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "मलाही ते खटकतंय. ज्या जोड्या बाद झाल्या, त्यांत हललेले फोटो बायकांचेच जास्त आहेत. घे तू. पण या वेळी हलला तर माझा इलाज नाही."

अडचण एकच होती. वहिनीला जागं कसं ठेवायचं? तिने स्वतःला चिमटे काढायचं ठरवलं, पण चिमटा काढायचा म्हटलं तरी हात हलणारच. शेवटी मी दादाला चहावरून ओढून आणलं. नातलगाला आत बसायला परवानगी असते. त्याच्या खिशातल्या किल्ल्या, नाणी, कमरेचा पट्टा सगळं काढून घेतलं, कानावर आवाज अडवणारे जाडजूड ठोकळे चढवले आणि त्याला तिच्या सरकत्या टेबलाशेजारी उभं केलं.

"तिचं पाऊल धरून ठेव. पेंगायला लागली की हळूच दाब. झोपू द्यायचं नाही. कळलं?"

"मला काय वॉचमन समजतेस का?"

"हो," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मशीन सुरू झालं. सुरुवातीला दादा दर थोड्या वेळाने इमानदारीत पाऊल दाबत होता आणि काचेतून माझ्याकडे बघून तोंड वाकडं करत होता. मग सगळ्यात जास्त वेळ चालणारा फोटो सुरू झाला, तोच महत्त्वाचा. आतला ठणठणाट वाढला. वहिनीचं पाऊल सैल पडून बाहेरच्या बाजूला कललं. मी काचेवर टकटक केली, हातवारे केले: दाब! दाब की!

दादाने दाबलं नाही. तो तिच्या हातांकडे बघत होता. बोटं मिटायला लागली होती. मनगट जरासं उचललं गेलं आणि तो टक लावून बघत राहिला. त्याला आधी काही उमगलं नसावं. मग उमगलं. घरी धुतलेली चादर तिच्यासमोर दुसरी टोकं धरून त्याने कित्येकदा अशीच झटकली होती.

मी माइकवर ओरडणार होते. तेवढ्यात तो पुढे झाला, वाकला आणि तिची दोन्ही मनगटं आपल्या हातांत धरून पोटावर अलगद दाबून ठेवली. मी पुन्हा काच वाजवली. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली: नाही. ज्या आवाजातून तो सकाळी पळू बघत होता, त्याच आवाजात तो कमरेत वाकून तसाच उभा राहिला. त्याच्या हातांत तिचे हात झटके देत होते, ते मला काचेतूनही दिसत होतं. डोकं मात्र हललं नाही.

मशीन थांबलं. फोटो लख्ख आला, एक रेघ इकडची तिकडे नाही. मी धावतच आत गेले, टेबल बाहेर घेतलं, जाळी काढली. वहिनी अजून झोपेतच होती.

"उठव तिला," मी दादाला म्हणाले. "पुढचा पेशंट खोळंबलाय."

"खोळंबू दे," तो म्हणाला. "ओरडू नकोस, मिरचे."

पण तिला आपोआप जाग आली. दचकून तिने आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. "झोपले मी? अगं बाई! पुन्हा हलला का?"

"नाही हलला. आलीस तू मोजणीत," मी म्हणाले.

तिने डोळे मिटून घेतले, पुन्हा उघडले. "आणि... दिसलं का काही? मी आळशी आहे का ते?"

एका फोटोवरून काही कळत नाही हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. दादा माझ्या आधी बोलला.

"तू दमलीयस," तो म्हणाला. "खूप दमलीयस. मी बघितलं."

वहिनीने उठून बसायला हात टेकायला पाहिलं, पण ते अजून दादाच्या हातातच होते.