खंड पडलेला चालतो का?

मित्रांनो, मी एक जुना काळा टेलिफोन आहे. धुळ्यातल्या एका कार्यालयाच्या अडगळीत, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमध्ये पडून आहे. माझी वायर कापलेली आहे. चौदा वर्षे माझ्यातून इतर माणसेच बोलत राहिली. आज पहिल्यांदा मी माझे काही सांगतो आहे, आणि ते सांगताना मला अभिमान कमी आणि पश्चात्ताप जास्त वाटतो आहे.

माझा जन्म बंगळूरच्या कारखान्यात झाला. तिथून लाकडी खोक्यात बसून मी चाळीसगावमार्गे धुळ्याला आलो. आठ महिने गोदामात धूळ खाल्ली. मग चौऱ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात तोताराम नावाच्या लाइनमनने मला सायकलच्या कॅरिअरवर बांधले आणि दोन खोल्यांच्या एका कार्यालयात आणून लावले. दारावर पाटी होती – विद्यापीठ माहिती केंद्र.

विद्यापीठाचे मुख्य कार्यालय दूर होते. नवापूर, तळोदा, अक्कलकुव्याकडच्या मुलांना तिथे जाऊन यायला दोन दिवस मोडत. कधी एखाद्या सहीसाठी, कधी कागदावर काय लिहिले आहे एवढेच समजून घेण्यासाठी. म्हणून हे केंद्र उघडले होते. मोठ्या टेबलावर मी, आणि टेबलामागच्या खुर्चीत अभिमन सोनवणे.

अभिमनभाऊ चौकशी लिपिक होते. उंच, किडकिडीत, खिशाला दोन पेने. त्यांना सगळे नियम तोंडपाठ होते. कोणत्या शाखेला किती गुण लागतात, दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्याला कोणता दाखला लागतो, मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज कधी मिळतो, उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांचे उत्तर तयार असे. कपाट उघडून कागद काढताना मी त्यांना क्वचितच पाहिले.

निकाल लागला की जून-जुलैत मला श्वास घ्यायला फुरसत नसे. एकदा साक्रीकडच्या एका आजोबांनी फोन केला. ते अहिराणीत म्हणाले, "भाऊ, मनी नात बारावी पास जयी. तिले इद्यापीठमा घालनी शे. पन ते इद्यापीठ शे कोठे? तठे ती ऱ्हाई कशी?"

अभिमनभाऊ हसले नाहीत. त्यांनी आजोबांच्याच बोलीत समजावले, "आबा, इद्यापीठमा ऱ्हावानं काम नही. ती तुमना साक्रीना कॉलेजमाच शिकी. परीक्षा फक्त इद्यापीठ लेस." त्या आजोबांना केवढा धीर आला होता! फोन ठेवताना ते मला, म्हणजे फोनलाच, "भलं होवो तुनं" म्हणाले.

अशी शेकडो माणसे. काही जण पेढे घेऊन येत. दसऱ्याला अभिमनभाऊ मला पुसून झेंडूची माळ घालत, हळदीकुंकू लावत. बाहेरच्या बाकावर बसलेली पोरे एकमेकांना सांगत, "तिथे फोन कर. तो सांगतो ते पक्के असते." ते ऐकून मी फुगून जात असे. आज कळते, माझ्यातून आलेला शब्द लोकांना शिक्का मारलेल्या कागदासारखा वाटे. फोनवरचा आवाज ठाम असला की तो खरा आहे का, हे कोणी विचारत नसे.

मला एक बेडीही होती. बाहेरचे फोन कोणी करू नयेत म्हणून अधीक्षक साहेबांनी माझ्या डायलला छोटे पितळी कुलूप लावले होते. किल्ली त्यांच्या खिशात. आलेला फोन घेता येई, पण कोणाला फोन लावायचा तर किल्ली मागावी लागे.

आता त्र्याण्णव सालच्या जूनमधली ती सकाळ सांगतो.

मी वाजलो. पलीकडे एका मुलीचा आवाज होता. मागे एसटीचे हॉर्न ऐकू येत होते.

"हॅलो, विद्यापीठ का?"

"माहिती केंद्र. बोला."

"मी नर्मदा बैसाणे. शिंदखेड्याहून बोलतेय, स्टँडसमोरच्या बूथवरून. मी एकोणनव्वदला बारावी पास झाले. मग आई आजारी पडली, चार वर्षं तिच्याजवळ होते. आता बी.ए.ला नाव घालायचंय. खंड पडलेला चालतो का?"

"नाही चालत, ताई. दोन वर्षांपर्यंतच चालतो. त्यापुढे प्रवेश नाही."

"काहीच मार्ग नाही का, भाऊ? माझे वडील, आबा, म्हणतात, कॉलेजला रोज एसटीपर्यंत सोडायला मी येईन..."

"नियमच आहे तसा. मी काय करणार?"

तिने बूथवाल्याला किती पैसे झाले ते विचारले. मग म्हणाली, "बरं झालं, फोनवरच विचारलं. आबांना उगीच धुळ्याचा फेरा पडला असता." आणि तिने आभार मानले. मित्रांनो, ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. तिने आभार मानले.

दुपारी तीनला टंकलेखिका कुसुमलताबाई डाक फोडत होत्या. एक परिपत्रक वाचता वाचता त्या म्हणाल्या, "सोनवणे, खंडाची अट काढली हो. आता कितीही वर्षांचा चालतो. नुसतं प्रतिज्ञापत्र जोडायचं."

अभिमनभाऊंच्या हातातले पेन थांबले. "कधीची तारीख आहे?"

"आठ दिवसांपूर्वीची. इथे काल पोचलंय. अर्ज शनिवारपर्यंत."

म्हणजे त्यांनी नर्मदाला नाही म्हटले तेव्हा तो कागद त्याच खोलीत होता. पाकीट फक्त फोडलेले नव्हते.

"सकाळीच एका मुलीला नाही म्हटलं मी," अभिमनभाऊ म्हणाले.

"मग कळवा की तिला. बूथ माहीत आहे ना?"

"शिंदखेडा. स्टँडसमोर. नंबर एक्स्चेंज देईल." त्यांनी मला जवळ ओढले. बोट डायलमध्ये घातले आणि कुलपाला अडकले. अधीक्षक साहेब बैठकीसाठी नाशिकला गेले होते.

"चौकात बूथ आहे. जा, मी बसते इथे," कुसुमलताबाई म्हणाल्या.

अभिमनभाऊंनी घड्याळ पाहिले. बाहेर दहा-बारा मुले रांगेत होती. "उद्या साहेब आले की लावतो. आज मंगळवारच आहे."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. अभिमनभाऊ त्यांच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, जरा फोनची किल्ली हवी होती."

"कशाला?" साहेबांनी मान वर न करता विचारले.

उत्तर सोपे होते. माझ्याकडून चूक झाली, एका मुलीला कळवायचे आहे. एवढेच. मी वाट पाहत होतो. पण ज्याला सगळे तोंडपाठ असते त्याला हे वाक्य फार जड जात असावे. अभिमनभाऊंनी खिशातले पेन काढून पुन्हा खिशाला लावले. मग म्हणाले, "काही नाही, साहेब. राहू द्या."

त्या दिवशी त्यांनी दोनदा माझ्यावर हात ठेवला आणि दोन्ही वेळा काढून घेतला. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी संध्याकाळी अर्जांचे गठ्ठे बांधले गेले. त्यांत शिंदखेड्याचे अर्ज होते, नर्मदाचा नव्हता. मी ते चारही दिवस रिकामा नव्हतो. माझ्यातून तीनशेवर उत्तरे गेली, आणि त्यांतली कितीतरी बरोबर होती. पण त्याने काय होते?

दोन वर्षांनी, असाच जून होता. एक बाई दोन मुलींसह केंद्रात आली. एक कडेवर, दहा महिन्यांची. दुसरी मोठी, दोन वेण्यांची, हातात गुणपत्रिका. खिडकीशेजारी नियमांचा नवा फलक रंगवला होता. बाईने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

"भाऊ, ही खंडाची अट कधीपासून नाही?"

"त्र्याण्णवपासून," अभिमनभाऊ कागदावरच बघत म्हणाले.

"त्र्याण्णवच्या कोणत्या महिन्यापासून?"

"जून."

"मी जूनमध्येच फोन केला होता. शिंदखेड्याहून."

आता अभिमनभाऊंनी वर पाहिले. खोलीत रांगेचा गलका चालूच होता. चुकणारा माणूस दुसराच कोणी होता, असे ते सहज म्हणू शकले असते. ते म्हणाले, "तुमचा फोन मीच घेतला होता. मी चुकीचं सांगितलं. त्याच दुपारी मला कळलं होतं."

"त्याच दुपारी?"

"हो."

"मग कळवलं का नाही, भाऊ? आबांची आशा सुटत नव्हती, म्हणून आम्ही बूथवाल्याला सांगून ठेवलं होतं. काही निरोप आला तर घरी पाठव म्हणून. आबा दोन दिवस स्टँडवर जाऊन विचारत होते."

अभिमनभाऊंनी हातातला कागद खाली ठेवला. मी माझ्या कुलपाकडे बोट दाखवू शकलो असतो, पण ते खरे उत्तर नव्हते.

नर्मदाने कडेवरच्या मुलीला दुसऱ्या बाजूला घेतले. त्र्याण्णवच्याच पावसाळ्यानंतर तिचे लग्न झाले होते. आबा गेल्या पौषात वारले होते. हे सगळे तिने दुसऱ्याचे सांगावे तसे सांगितले. मग दोन वेण्यांच्या मुलीला पुढे केले. "ही माझी नणंद, चंद्रकला. हिला घालायचंय बी.ए.ला. काय काय लागतं ते सांगा. आणि तोंडी नको. लिहून द्या, खाली सही करा."

रांगेतले कोणी तरी हसले. अभिमनभाऊ हसले नाहीत. ते उठले, कपाटातून परिपत्रके काढली आणि एकेक वाचून पानभर लिहून दिले. खाली सही केली, पूर्ण नाव लिहिले, तारीख घातली. नर्मदाने तो कागद दोनदा वाचला आणि चंद्रकलाच्या पिशवीत ठेवला.

पुढच्या रविवारी अभिमनभाऊ बहिःस्थ परीक्षेचा अर्ज घेऊन नर्मदाच्या सासरी गेले. पत्ता चंद्रकलाच्या अर्जावर होता, नरडाण्याजवळचे खेडे. घरी बसून अभ्यास करायचा, फक्त परीक्षेला जायचे, असा तो मार्ग होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, भरू दे. तिने तो अर्ज भरू दे.

सोमवारी त्यांनी तो अर्ज टेबलावर ठेवला. कोरा होता.

"काय म्हणाली?" कुसुमलताबाईंनी विचारले.

"चहा दिला. पुस्तकं आणून देईन म्हटलं, तर म्हणाली, 'तेव्हा मन होतं, भाऊ. आबा होते. आता पुस्तक हातात घेतलं की आधी चूल दिसते. तुम्ही आलात, बरं वाटलं.'" त्यांनी तो कोरा अर्ज खणात सरकवला. "माझ्यावर ओरडली असती तरी चाललं असतं हो."

त्या दिवसापासून अभिमनभाऊ बदलले. फोन आला की म्हणत, "थांबा, कागद काढून वाचून दाखवतो." पलीकडचा कुरकुरे, पण ते थांबवत. फोन करणाऱ्याचे नाव, गाव आणि बूथ एका वहीत लिहून घेत. साहेबांना सांगून त्यांनी माझे कुलूपही काढवले. त्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतःहून शहाद्याला, शिरपूरला, पारोळ्याला निरोप पोचवले. त्या वर्षी मला कोणी पेढे आणले नाहीत. लोक म्हणू लागले, हा बाबा आता उत्तर द्यायला फार वेळ लावतो.

अठ्ठ्याण्णवमध्ये बटणांचा नवा फोन आला आणि मला इथे आणून ठेवले. अभिमनभाऊ त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ते या खोलीत आले, माझ्यावरची धूळ रुमालाने पुसली आणि निघून गेले. चंद्रकला बी.ए. झाली, हे मला त्याआधीच कळले होते. निकालाच्या दिवशी तिच्यासाठी फोन करणारी बाई फक्त बैठक क्रमांक सांगत होती. स्वतःचे नाव तिने सांगितले नाही. आवाज मी ओळखला.

तर मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या विद्यापीठाची पायरी चढणार असाल, तर माझे एवढे ऐका. ते मोठे घर सरकारचे असले तरी परके नाही. ते तुमच्यासाठीच बांधले आहे. पण त्याच्या खिडकीत माणसेच बसतात, आणि माणसे जुने नियम सांगतात, घाईत असतात, चूक कबूल करायला लाजतात. म्हणून एका 'नाही'वर घरी परत जाऊ नका. हे कुठे लिहिले आहे ते दाखवा म्हणा. नाव विचारा. आठ दिवसांनी पुन्हा विचारा. यात उद्धटपणा नाही.

आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी त्या खिडकीच्या आतल्या खुर्चीत बसलात, तर चूक कळेल त्या दुपारीच उठा. पलीकडे एखादा म्हातारा बाप एसटी स्टँडवर उभा असतो आणि निरोप आला का, म्हणून बूथवाल्याला विचारत असतो.