दहा वाजून दहा

"मास्तर, बगा, वाजलं दहा-दहा! आलो!"

दारात घणसोलीचा नामा उभा होता, घामाघूम. सायकल कुंपणाला टेकवलेली. आणि हे सकाळी सातपासून बूट घालून खुर्चीत बसलेले.

"सातला ये म्हटलं होतं ना तुला?"

"नाय मास्तर! तुमीच बोल्लाव, फुडच्या आयतवारी दहा-दहाच पायजे, जरापन इकडंतिकडं नको. आमच्यात घड्याल नाय. शेजाऱ्याच्या वटीवर बसून काटं बगत व्हतो."

ह्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, हातांचं बोललो मी! स्टेअरिंगवरच्या हातांचं!"

मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून मी चहा टाकायला आत गेले.

ह्यांचं नाव घ्यायची मला सवय नाही. पण रबाळ्याच्या त्या कंपनीत सगळे 'कमळाकर मास्तर' म्हणत. हे कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. वाशीहून माणसं घेऊन बस रोज रबाळ्याला न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. एकोणीस वर्षांत बसला ओरखडा नाही. एक्क्याऐंशी साली नव्या शहरासाठी नामाची मिठागराची जागा गेली, तेव्हा कंपनीनं त्याला ड्रायव्हरची चाचणी पास झालास तर कामावर घेऊ, असं सांगितलं. घरी तीन मुलं. वय पस्तीस. त्यानं ह्यांचे पाय धरले. साहेबांनी रविवारी जुनी बस वापरायची परवानगी दिली आणि आमच्या वाशीच्या नव्या सेक्टरांतल्या मोकळ्या रस्त्यांवर शिकवणी सुरू झाली.

नामाची खोड एकच. जन्मभर मिठाच्या होडीचं सुकाणू एका हातानं धरलेलं, त्यामुळे बसमध्येही उजवा हात चाकावर आणि डावा मांडीवर. हे रागावले की डावा वर यायचा, वळण संपलं की परत मांडीवर.

त्या रविवारी चहा पिऊन झाला आणि हे देवघरातून माझं आरतीचं ताट घेऊन आले. पितळेचं, आईनं दिलेलं. वर निरांजन पेटवलेलं.

"अहो, देवाचं ताट ते," मी म्हटलं.

"देवाचंच काम आहे गं. मागं चाळीस माणसं बसतात." ताट त्यांनी नामाच्या हातात दिलं. "समज, हे घड्याळाचं तोंड. डावा हात दहावर, उजवा दोनवर, म्हणजे काटा दहा मिनिटांवर. आंगठे आत गुंतवू नकोस. खड्ड्यात चाक उलटं फिरलं तर आंगठा मोडतो. गिअर टाकला की डावा परत दहावर. आता अंगणाला एक फेरी मार. ज्योत हलली तर पुन्हा पहिल्यापासून."

नामा ताट घेऊन तुळशीभोवती फिरू लागला. शेजारच्या सुमित्राबाईंनी खिडकीतून विचारलं, "काय हो, नामानं कसलं व्रत धरलंय?"

"ड्रायव्हरकीचं, मावशी!" तो ज्योतीवरची नजर न काढता ओरडला.

पुढच्या दोन महिन्यांत त्याचा हात बसला. चाचणीला तीन आठवडे उरले होते.

एका संध्याकाळी मी आरती म्हणत होते. ताट नेहमी ह्यांच्या हातात असायचं, तसंच दोन्ही हातांत, दहा-दहाला. मध्येच कुंकवाची डबी घरंगळली. पाहिलं तर ताट डावीकडे कललेलं. निरांजन कडेला आलं, तसं मी ते धरलं आणि आरती पुरी केली. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दबलीय, औषध घ्या, बघू. चार दिवस रजा झाली. पाचव्या सकाळी हे खाकी कपडे घालून तयार.

"सहा महिने राहिलेत निवृत्तीला," बुटाची नाडी एका हातानं ओढत ते म्हणाले. "गिअर टाकता येतो मला. काल दाराच्या कडीवर करून बघितलं."

मी कधी त्यांच्या वाटेत उभी राहिले नव्हते. त्या दिवशीही राहिले नाही. पूजा आटोपली होती, निरांजन जळत होतं. ताट उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"एवढं घेऊन फाटकापर्यंत जाऊन या. मग मी डबा देते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं. पण ताट घेतलं आणि निघाले. पायरी उतरले. तुळशीपर्यंत ठीक. मग डावा हात हळूहळू खाली यायला लागला. त्यांनी तो वर नेला. तो पुन्हा खाली. फाटकाच्या अलीकडेच ते थांबले आणि तिथूनच हसून म्हणाले, "अगं, माझ्या घड्याळात आठ वाजून दहा झालेत."

मी जाऊन ताट घेतलं. डबा दिला. त्या दिवशी निरोप धाडून नामाला बोलावलं, त्याच्या सायकलवर मागं बसून ते कंपनीत गेले आणि साहेबांच्या टेबलावर स्वतःच्या हातानं बसची किल्ली ठेवून आले. कुणी मागितली नव्हती.

चाचणी झाली. नामाला वाशीची बस मिळाली.

पहिल्या दिवशी सकाळी सातलाच हे स्वच्छ शर्ट घालून कोपऱ्यावर उभे. मी शेजारी. बस वळणावरून आली. नामानं ह्यांना पाहिलं. तोंडभर हसला, मान वाकवली. हात मात्र चाकावरच. बस पुढे निघून गेली.

सुमित्राबाई दूध घेऊन येत होत्या. "शिकवलं तुम्ही, आणि मेल्यानं साधा हातसुद्धा दाखवला नाही!"

"तेच तर!" हे म्हणाले. डोळे भरले होते. "मला बघूनही उचलला नाही!"

संध्याकाळी दिवा लावला. त्यांनी ताटाची उजवी बाजू धरली. डावी मी धरली, दहावर.