तडा माझा, उसवली बाही

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. कडा झिजलेल्या, काचेवर चरे आणि पाठीवरच्या कॅमेऱ्याला एक बारीक तडा. त्या तड्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. तडा माझा, पण त्याचा ताप एका भल्या बाईला झाला आणि ते मला अजून लागून राहिलं आहे.

मी नवा होतो तेव्हा माझा तोरा काय विचारता! आलो मात्र एका शिवणाच्या दुकानात. रस्त्याकडेची एक खोली, दोन मशिनं, कापड बेतायचं लांब टेबल आणि कोपऱ्यात बिनडोक्याचा पुतळा. शिवणारी माझी मालकीण. खिडकीपाशी स्टुलावर तिचे सासरे, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले. आणि शाळेतून आल्या आल्या दप्तर भिरकावणारी तिची लेक.

तिघं मला वापरत, पण तिघांच्या तीन तऱ्हा. लेक काहीही बघायची, खदाखदा हसायची आणि विसरून जायची. आजोबा एखाद्या जुन्या घड्याळाची माहिती शोधायचे, दोनदा वाचायचे आणि मलाच दरडावायचे, "हे खरं कशावरून?" मालकीण मात्र प्रत्येक गोष्ट जिवाला लावून घ्यायची. अशा स्वभावामुळेच तिच्या कामात कधी खोट निघत नसे. पण मला हातात घेतलं की तोच स्वभाव तिला छळायचा.

शिवून झालेला कपडा पुतळ्याला घालून ती माझ्याकडून फोटो काढून घ्यायची आणि इंटरनेटवर लोकांना दाखवायची. वाहवा व्हायची, गिऱ्हाइकं वाढायची. मीही फुशारून जायचो. मग एके दिवशी लेकीच्या हातून मी फरशीवर आपटलो. तिने मला उलटसुलट पाहिलं, फ्रॉकला पुसलं आणि गुपचूप जागेवर ठेवलं. तेव्हापासून चित्राच्या एका कोपऱ्यात सरळ रेघसुद्धा लचकलेली दिसू लागली. मला ते कळत होतं, पण सांगणार कसा?

त्याच आठवड्यात शेजारच्या नर्सबाईंच्या मुलीचा झगा शिवून झाला. निळं साटीन, लांब बाह्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या समारंभात तो घालून ती गाणार होती. फोटो टाकला आणि कौतुकाचा पाऊस पडला. त्यात कुणा अनोळखी माणसाने लिहिलं, "डावी बाही वाकडी लावली आहे."

"काय पण शोध लावलाय!" म्हणून लेक हसली आणि खेळायला पळाली. मालकीण हसली नाही. तिला बाकीचे चांगले शब्द दिसेनासेच झाले. तिने बाही उसवली, पुन्हा लावली, पुन्हा फोटो काढला. बाही वाकडीच! पुन्हा उसवली, पुन्हा लावली; फोटोत तरीही वाकडीच. जी बाई नुसत्या बोटांनी शिवणीतला दोष ओळखायची, ती आता बोटांवर नव्हे, माझ्यावर विश्वास ठेवत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साटीन फार नाजूक असतं. सुईने पडलेलं भोक बुजत नाही. दोनदा उसवून शिवणीची कड चाळणीसारखी झाली होती. तिसऱ्यांदा उसवली असती तर कापड फाटलंच असतं, आणि मुलगी घालणार काय? तरीही मालकिणीने तिसऱ्यांदा कात्री उचलली. डोळे भरून आले होते. "माझा हातच गेला, बाबा," ती म्हणाली. "दुकान बंद करते आता."

आजोबा उठले. झगा उजेडात धरून त्यांनी शिवणीवरून नख फिरवलं. मग मला उचलून फोटो पाहिला आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "हे खरं कशावरून?"

"कात्री ठेव आधी," ते सुनेला म्हणाले. "आणि त्या दाराचा एक फोटो काढ बघू."

"दाराचा? आत्ता?"

"काढ गं."

तिने काढला. दाराची चौकटही नेमक्या त्याच कोपऱ्यात लचकलेली.

"आता दारही उसवणार का?" आजोबांनी विचारलं.

मालकिणीने फोटोतलं दार आणि समोरचं दार आलटून पालटून पाहिलं. मग हसू आणि रडू तिला एकदमच आलं. आजोबांनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं आणि माझा तडा शोधून काढला. तेवढ्यात लेक आली आणि सगळं पाहून खाली मान घालून म्हणाली, "माझ्या हातून पडला होता. एवढंसंच लागलं होतं, म्हणून बोलले नाही." तिचा बिनघोर स्वभाव मला आवडतो, पण त्या दिवशी तोही महागात पडला होता. मालकिणीने कडेला आतून पातळ अस्तराची पट्टी लावून शिवण पक्की केली. दुसऱ्या दिवशी मुलगी तो झगा घालून गायली. बाहीकडे कुणी पाहिलंही नाही.

मित्रांनो, मला जपून वापरा. मी पडलो तर लपवू नका. आणि मी तुमच्याबद्दल काही वाईट दाखवलं, तर लगेच स्वतःला उसवायला बसू नका. तुम्ही हळव्या मनाचे असाल तर आधी जवळच्या माणसाला एकदा विचारा.

मालकीण आजही हळवीच आहे. परवा पुन्हा कुणीतरी खोचक लिहिलं. तिचा चेहरा उतरला, हात कात्रीकडे गेला. पण मग तिने मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि कपड्याच्या शिवणीवरून हळूच आपलं नख फिरवलं.

कात्री जागेवरच राहिली.