आंब्यापासून चौथी

आमच्या मंडळीची पुनरुत्थानाच्या रविवारची, म्हणजे ईस्टरची, पहाटेची उपासना कल्याणच्या कबरस्तानात होते. आदल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या माणसाची कबर साफ करायची, भोवतीच्या विटांना चुना लावायचा, फुलं ठेवायची. माझ्या नवऱ्याला, आनंदला, जाऊन आठ महिने झाले होते. वर्षभर कबर पक्की बांधत नाहीत, त्यामुळे नुसता मातीचा उंचवटा, भोवती विटांची ओळ आणि लाकडी क्रूस. क्रुसावरचं नाव पावसाने केव्हाच धुऊन नेलं होतं.

"आई, बाबांची आंब्यापासून पाचवी ना गं?" शनिवारी संचिताने विचारलं.

"चौथी. नवरा माझा होता," मी म्हटलं. तीस वर्षं ठाकुर्लीच्या शाळेत गणित शिकवलंय. लेकीने मला मोजायला शिकवू नये.

चुना मी मन लावून लावला. पण तिला बजावलं, "उद्या मी उत्तर देणार नाही." पाळक म्हणतात, "प्रभू उठला आहे," आणि सगळे म्हणतात, "खरोखर उठला आहे." दफनाच्या दिवशी आनंदवर माती पडताना ऐकली आणि ते शब्द माझ्या तोंडून निघेनासे झाले. पटत नसलेलं बोलायची मला सवय नाही.

रविवारी अंधारातच पोचलो. सगळीकडे मेणबत्त्या. मी सजवलेल्या कबरीपाशी एक बाई गुडघे टेकून रडत होती.

"मावशी, हे तुम्ही केलंत?" तिने विचारलं. "आईची कबर हाय ही. मानपाड्याला कंपनीत डबल ड्युटी लागलेली, काल यायलाच नाय जमलं. सारखं वाटत होतं, आज सगळ्यांच्यात आई तेवढी ओसाड दिसणार. येऊन बघते तर सजून बसलेली."

तिने मेणबत्ती त्या तशाच कोऱ्या क्रुसाच्या मागे धरली. खिळ्याने कोरलेलं नाव दिसलं, विमलाबाई.

मी शेजारी पाहिलं. पाचवी कबर. गवत वाढलेलं, एक फूल नाही. आनंदचा पहिला ईस्टर आणि मी त्याला तसंच ठेवलं होतं. लाजेने मेल्यासारखं झालं.

"चूक झाली माझी," मी म्हटलं. "नवऱ्याची समजून केली. तो हा इथे."

आईच्या उशापासची अर्धी शेवंती उचलून तिने आनंदवर ठेवली. "नाव काय त्यांचं?"

"आनंद."

"आनंदकाका," ती मातीकडे वाकून म्हणाली, जसं कुणाला उठवावं.

अडतीस वर्षं संसार केला आणि मला त्याची माती ओळखता आली नाही. शुभवर्तमानातल्या मरीयेनेही कबरीपाशी उठलेल्या प्रभूला माळी समजलं होतं. त्याने नावाने हाक मारली तेव्हा कुठे ओळखलं. म्हणजे ओळखायचं काम आमच्याकडे नव्हतंच कधी. जो हाक मारणार, त्याला पाटी लागत नाही आणि मोजावंही लागत नाही.

आंब्यामागे उजाडायला लागलं. पाळकांनी हात वर केला. "प्रभू उठला आहे."

सगळ्यांनी उत्तर दिलं. संचिताने माझ्याकडे बघायचं टाळलं. मग शांतता झाली, आणि त्या शांततेत माझा एकटीचा, वर्गातला, खणखणीत आवाज मलाच ऐकू आला.

"खरोखर उठला आहे."

लोक वळून बघायला लागले. बघू देत.