फळीवरचं जेवण

माझ्या धाकट्या लेकीच्या नवऱ्याला मोठ्या शहरात दुप्पट पगाराची नोकरी लागली. कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायचं काम. खोलीचं भाडं, पाणी, बस सगळं वजा करूनही हातात इथल्यापेक्षा जास्त उरतं, असं तो महिनाभर ऐकवत होता. खोली न बघताच त्याने आगाऊ रक्कमही पाठवून दिली. लेकीचं म्हणणं एवढंच, आधी बघू, मग सामान बांधू. म्हणून नातीला घरी ठेवून आम्ही तिघं गेलो.

जिन्यातच तिने नाक दाबलं. मी भिंतीचा आधार घेतला तर बोटं चिकट झाली.

खोलीत एक खाट, आणि कोपऱ्यात उघड्यावर संडासाचं भांडं. स्वयंपाक कुठे करायचा, असं मी विचारलं. घरमालकिणीने भिंतीला टेकवलेली फळी उचलून भांड्यावर आडवी टाकली आणि वर शेगडी ठेवून दाखवली. फळीच्या कडांवर जुन्या तेलाचा थर होता. खालच्या बाजूला जे होतं ते सांगायची माझी इच्छा नाही. आधीची बाई इथेच चार माणसांचं रांधायची, असं तिने कौतुकाने सांगितलं.

जावईबापू मात्र खूश. कारखाना पायी गाठता येतो, म्हणजे बसचेही पैसे वाचले, असं मलाच समजावू लागले.

लेकीने डबा काढला, शेगडी सरकवली आणि त्याच फळीवर त्याला वाढलं.

"जेवून घ्या."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उकिडवा बसून जेवायला लागला. फळीखालून एक झुरळ मिशा हलवत वर आलं. डाव्या हाताने ते झटकून त्याने पुढचा घास घेतला. डबा चाटूनपुसून संपवला.

"होईल सवय," तोंड पुसत तो म्हणाला.

त्याला घास उतरणार नाही, अशी माझी खात्री होती. लेकीचीही असावी. झुरळाकडे पाहताना झाला नव्हता तेवढा तिचा चेहरा आता वाकडा झाला.

"तुम्हाला झालीसुद्धा," ती म्हणाली. "मला करून घ्यायची नाही. तुम्ही राहा इथे. मी आणि पोरगी तिकडेच बऱ्या. सुट्टीत आलात तर आधी बाहेर आंघोळ करायची, मग उंबऱ्याच्या आत."

थट्टा समजून तो हसला. ती जिना उतरायला लागली तेव्हा त्याचं हसू गेलं. रिकामा डबा तिने तिथेच टाकला होता. मीही निघालो. मागे तो घरमालकिणीला आगाऊ रक्कम परत मागत होता, आणि ती त्याला विचारत होती, "का हो, आत्ता तर पोटभर जेवलात की?"